‘ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट’ आणि नेट कुणाला आधी? मराठवाड्यातल्या लिनक्स राऊटरवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

जुन्या डेस्कटॉपला दुसरं लॅनकार्ड लावायचं, त्यावर लिनक्स टाकायचं आणि त्याचाच राऊटर करायचा, हा उद्योग लातूरच्या अभ्यासिकांपासून परभणी-हिंगोलीच्या सेतू केंद्रांपर्यंत बऱ्याच ठिकाणी चालतो. असे डबे बसवण्यात आणि ते बिघडले की फोनवर शिव्या खाण्यात माझी बरीच वर्षं गेली. तेच ते प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून ठेवतो. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

सर, लॉगमध्ये ‘नेटडेव्ह वॉचडॉग, ट्रान्समिट क्यू ० टाइम्ड आउट’ असं आलंय. म्हणजे नेमकं काय झालं?

मोंढ्यातला वजनकाटा डोळ्यापुढे आणा. यार्डात, समजा, २५६ गाड्या उभ्या राहतात. काट्यावर गाडी मोजली की पावती फाटते, गाडी बाहेर पडते आणि एक जागा मोकळी होते. यार्ड गच्च भरलं की गेटवाला गेट लावून घेतो. पावत्या येऊ लागल्या की पुन्हा उघडतो.

लॅनकार्डाचं हुबेहूब असंच आहे. यार्ड म्हणजे ड्रायव्हरची (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) ट्रान्समिट रिंग, काटा म्हणजे कार्ड, पावती म्हणजे पॅकेट गेल्याचं कार्डाने कळवणं, आणि हे कळवणं बहुधा इंटरप्टने, म्हणजे कार्डाने सीपीयूला मारलेल्या हाकेने, येतं. रिंग भरली की ड्रायव्हर ती रांग थांबवतो. पावत्या आल्या की परत सुरू करतो.

कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, गेटवर एक वॉचमन बसवलेला असतो. तो अधूनमधून दोनच गोष्टी बघतो: गेट बंद आहे का, आणि शेवटची गाडी आत जाऊन किती वेळ झाला. गेट बंद आणि ठरलेली मुदत उलटलेली, की तो ओरडतो. तुम्हाला दिसलेली ओळ म्हणजे ते ओरडणं. ड्रायव्हरने स्वतःची मुदत दिली नसेल तर ती ५ सेकंद धरली जाते. ओरडून झालं की तो ड्रायव्हरचं टाइमआउटचं फंक्शन बोलावतो, आणि ते बहुतेक वेळा कार्ड रिसेट करतं. त्यामुळे गिऱ्हाइकाला काय दिसतं? पाच सेकंद सगळं ठप्प, मग लिंक जाऊन परत यायला आणखी दोन-तीन सेकंद, आणि नंतर जणू काही झालंच नाही.

ओरडणारा वॉचमन चोर नसतो, हे आधी डोक्यात पक्कं करा. जुन्या कर्नलवर या ओळीखाली फंक्शनांच्या नावांची लांबलचक यादी छापून येते. लोक ती यादी नेटवर शोधत बसतात, पण ती वॉचमनची स्वतःची यादी असते. काटा का बंद पडला याचा त्यात पत्ता नसतो. शिवाय ती यादी मशीन सुरू झाल्यापासून एकदाच छापली जाते. दुसऱ्या वेळी दिसली नाही म्हणून दुखणं बरं झालं असं समजू नका.

म्हणजे नेट स्लो होतं ते याच्यामुळेच ना?

बहुतेक वेळा नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो. रांगेची दुखणी दोन. एक अडलेली रांग आणि दुसरी लांबलेली रांग. अडलेली म्हणजे काटाच बंद. लांबलेली म्हणजे काटा चालू आहे, पण समोर दोन मैल गाड्या. पहिलीचा इलाज कार्ड, ड्रायव्हर, केबल, स्विच, वीज असा शोधायचा. दुसरीचा इलाज रांगेची शिस्त लावणे, म्हणजे टीसी (ट्रॅफिक कंट्रोल) ही कमांड. एकीचं औषध दुसरीला चालत नाही. अडलेल्या रांगेवर टीसीचे नियम लिहीत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. मीही त्यातलाच होतो.

ओळखायला दोन मिनिटं पुरतात. लॅनमधल्याच एखाद्या मशीनला पिंग लावून ठेवा. उत्तरं ५-१० सेकंद पूर्ण बंद होऊन मग पहिल्यासारखी आली, तर रांग अडली. दुसरा पिंग बाहेरच्या पत्त्याला लावा. तो २० मिलिसेकंदांवरून ९०० वर चढला पण येत राहिला, तर रांग लांबली. पक्कं करायचं तर सिस फोल्डरमध्ये क्लास, नेट, मग इंटरफेसचं नाव, क्यूज, टीएक्स-० असं आत जा (कार्डाला जास्त रांगा असतील तर टीएक्स-१, टीएक्स-२ हेही बघा). तिथे टीएक्स टाइमआउट नावाची फाइल असते. तिच्यातला आकडा वाढला तेवढ्या वेळा रांग अडली. सगळीकडे शून्य असेल तर हा विषय सोडा आणि थेट प्राधान्याच्या प्रश्नांकडे जा.

रांग अडते तरी कशाने?

मी ज्या क्रमाने बघतो त्याच क्रमाने सांगतो. त्यात स्वस्तातलं आधी.

लॉग वर सरकवा आणि टाइमआउटच्या आधीची दोन मिनिटं वाचा. सीपीयू अडकल्याची ओळ (सॉफ्ट लॉकअप), डिस्कच्या चुका, कार्डाने मेमरीत चुकीच्या जागी हात घातल्याची तक्रार (आयओएमएमयू, डीएमए), किंवा ‘इंटरप्ट कुणी घेतला नाही’ म्हणून कर्नलने ती इंटरप्ट लाइनच बंद केल्याची नोंद, यातलं काही दिसलं तर लॅनकार्ड बिचारं बळी आहे. पावती देणारा कारकूनच उठून गेला तर काट्याचा काय दोष?

इंटरप्टचा आकडा बघा. प्रॉक फोल्डरमधली इंटरप्ट्स फाइल दोनदा वाचायची. ट्रॅफिक चालू असताना कार्डापुढचा आकडा हलत नसेल तर पावत्या वाटेत हरवत आहेत.

मग वीज वाचवण्याच्या करामती. पीसीआय एक्सप्रेसची एएसपीएम आणि इथरनेटची ईईई या दोन्ही सोयी कार्डाला डुलकी घेऊ देतात. काही कार्डं त्या डुलकीतून नीट उठत नाहीत. ईईई इथटूल या कमांडने बंद होते. एएसपीएमसाठी कर्नलच्या बूट ओळीत ‘पीसीआयई एएसपीएम ऑफ’ देऊन बघतात, पण बायोसने ती आधीच चालू केली असेल तर तिथेच बंद करावी लागते. राऊटरवर वाचणारी ती वीज तशीही नगण्य.

त्यानंतर ऑफलोड, म्हणजे सीपीयूचं काम कार्डावर टाकणं. टीएसओ चालू असेल तर कर्नल ६४ केबीपर्यंतचा एकच गठ्ठा देतो आणि त्याचे तुकडे कार्ड करतं. काही चिपना हे पचत नाही. इंटेलच्या ई१०००ई ड्रायव्हरच्या लॉगमध्ये ‘डिटेक्टेड हार्डवेअर युनिट हँग’ दिसलं की लोक पहिल्यांदा टीएसओ बंद करून बघतात, आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. इथटूलला कॅपिटल के देऊन बंद करा आणि एक दिवस थांबा.

पॉज फ्रेम, म्हणजे समोरच्याला ‘जरा थांब’ सांगणारी फ्रेम, तर सगळे विसरतात. त्यांची गोष्ट पुढे येतेच.

राहिला ड्रायव्हरमधला खरा दोष. कोडने रांग थांबवली आणि सुरू करायचीच राहिली, किंवा बीक्यूएलचा हिशेब चुकला. कर्नल ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, रिंगमध्ये किती बाइट पडू द्यायचे याची मर्यादा बीक्यूएल ठरवतं. रिसेट झाल्यावर ड्रायव्हरने ही वही कोरी केली नाही, तर यार्ड रिकामं असूनही गेट बंदच राहतं. अशा वेळी नवा कर्नल हाच उपाय. पण शेवटी.

केबल निघाली तरी ही ओळ येते का?

नाही. लिंक नसेल तर वॉचमन तपासतच नाही. अर्धवट क्रिम्प केलेली, क्षणात लागणारी क्षणात जाणारी केबल मात्र कार्डाला भंजाळून सोडते. लॉगमध्ये लिंक अप, लिंक डाऊन दिसत असेल तर दहा मिनिटं घालवून नवा आरजे-४५ कनेक्टर मारा.

मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमारासच का होतं?

लातूरच्या एका अभ्यासिकेची ही गोष्ट. मे महिना, बाहेर ४२-४३ अंश, वर पत्रा. रोज दुपारी राऊटर अडकायचा. मी तीन कर्नल बदलले, लॅनकार्ड बदललं, मालकाला नवा पंखा घ्यायला लावला. उकाडाच कारण, यावर आमचं दोघांचं एकमत झालं होतं.

शेवटी इथटूलचे आकडे एका वहीत दर तासाला लिहायला लावले, तेव्हा दिसलं की दुपारी आलेल्या पॉज फ्रेमचा आकडा धो-धो वाढतो. गिगाबिट लिंकवर एक पॉज फ्रेम समोरच्याला जास्तीत जास्त सुमारे ३३ मिलिसेकंद गप्प बसवू शकते. पण एकामागून एक येत राहिल्या तर कार्ड कायमचं गप्प. पाच सेकंद झाले की वॉचमन ओरडणारच.

पाठवत होतं कोण? कोपऱ्यातला एक पीसी उन्हाने हँग व्हायचा. स्क्रीन तशीच, माऊस हलत नाही, मुलं उठून शेजारच्या मशीनवर जायची. पण त्याचं लॅनकार्ड जिवंत होतं. त्याचं बफर भरलेलं आणि उपसणारं कुणी नाही, म्हणून ते स्विचला ‘थांब, थांब’ म्हणत राहायचं. त्याच्यासाठीची पॅकेटं साचून स्विचचं बफर भरायचं आणि मग स्विच राऊटरला थांबवायचा. एका मेलेल्या पीसीने चाळीस पोरांचं नेट धरून ठेवलं होतं.

राऊटरच्या कार्डावर आणि सगळ्या पीसींवर फ्लो कंट्रोल, म्हणजे हा पॉज फ्रेमचा खेळ, बंद केला (इथटूल, कॅपिटल ए) आणि विषय संपला. म्हणजे उकाडा कारण होताच, फक्त मी भलत्याच डब्यावर पंखा लावला होता.

लाईट गेली-आली की टाइमआउट येतो. जनरेटरमुळे असेल का?

असू शकतं. भारनियमनात इन्व्हर्टरवर जाताना येणारा झटका, जिनिंगची मोटार सुरू होताना व्होल्टेजची बुडी, नावापुरतं अर्थिंग. यात यूएसबी लॅन अडॅप्टर पहिला गचकतो. स्विच आणि राऊटर एकाच चांगल्या यूपीएसवर ठेवा. पक्क्या कामाला यूएसबी अडॅप्टर वापरू नका.

लॉगमध्ये कधी क्यू ०, कधी क्यू ३ असं येतं. नंबराला काही अर्थ आहे का?

आहे. बऱ्याच कार्डांना अनेक रांगा असतात आणि प्रत्येकीचा इंटरप्ट वेगळ्या सीपीयूकडे जातो. दर वेळी तोच नंबर येत असेल तर तो इंटरप्ट कुठल्या सीपीयूवर बसलाय आणि तो सीपीयू कशात गुंतलाय ते बघा. नंबर बदलत असेल तर संशय अख्ख्या कार्डावर किंवा समोरच्या स्विचवर.

मुदत ५ वरून ३० सेकंद केली तर ओरडणं थांबेल ना?

थांबेल. गेट तीस सेकंद बंद राहील, एवढंच.

आमचा राऊटर व्हर्च्युअल मशीनवर आहे. तिथेही तेच?

ओळ तीच, पण काटा खोटा. आतल्या मशीनचं ‘कार्ड’ म्हणजे होस्टवरचा एक प्रोग्रॅम. होस्टची डिस्क अडकली किंवा सीपीयू मिळाला नाही तर पावत्या थांबतात. आत शोधू नका, होस्टचा लॉग उघडा.

आता प्राधान्याचं सांगा. ऑनलाइन टेस्ट चालू असताना कुणीतरी व्हिडिओ अपलोड करतो आणि सगळ्यांची टेस्ट अडकते.

ही लांबलेली रांग. हिशेब करून बघा. रांगेची नेहमीची लांबी १००० पॅकेट, एक पॅकेट १५०० बाइटचं, म्हणजे १.२ कोटी बिट. तुमचा अपलोड २ एमबीपीएस असेल तर ही रांग संपायला ६ सेकंद लागतात. टेस्टचं ‘सबमिट’चं चिमुकलं पॅकेट शेवटी उभं राहिलं तर सहा सेकंदांनी निघणार. १० एमबीपीएसवरही १.२ सेकंद.

पहिला उपाय प्राधान्य नव्हेच. आधी रांग आखूड करा आणि प्रत्येकाला आळीपाळीने सोडा. एफक्यू-कोडेल हेच करतं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेलं कोडेल त्याच्या पोटात आहे: पॅकेटं ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबू लागली आणि १०० मिलिसेकंद हीच स्थिती टिकली, की ते थोडी थोडी पॅकेटं टाकून पाठवणाऱ्याला सावध करतं. अपलोडवाल्याची गती कमी होते आणि टेस्टवाला मधून निघून जातो. कोण महत्त्वाचा हे कुणी लिहून द्यावं लागत नाही.

लावलं. टीसीला विचारलं तर एफक्यू-कोडेल दाखवतंय. तरी काडीचा फरक नाही.

कारण रांग तुमच्याकडे नाहीच. तुमच्या राऊटरपासून फायबरच्या डब्यापर्यंत १००० एमबीपीएस, आणि डब्यापासून पुढे २०. गाड्या तुमच्या दारातून सुसाट निघतात आणि त्या डब्याच्या पोटात साचतात. तिथे तुमचं कायदेकानून चालत नाही.

जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा. टेलच्या गावाने आपल्या शेतात कितीही चाऱ्या सारख्या केल्या तरी पाणी ठरतं वरच्या गेटवर. ज्याच्या हातात गेट त्याची पाळी. म्हणून गेट आपल्या हातात आणायचं: लाइन २० ची असेल तर आपणच १८-१९ वर बांध घालायचा. मग रांग आपल्या डब्यात तयार होते आणि शिस्त लावता येते. एक-दोन एमबीपीएस कमी मिळतात, लोक कुरकुर करतात. करू द्या.

यासाठी केक वापरा. एफक्यू-कोडेलसारखीच ही टीसीची रांग, पण बांधही हीच घालते. कर्नल ४.१९ पासून ते आत आहे. एका ओळीत बँडविड्थ सांगायची, ‘नॅट’ हा शब्द द्यायचा आणि अपलोडच्या बाजूला ‘ड्युअल-एसआरसीहोस्ट’. याने वाटणी कनेक्शनप्रमाणे न होता पीसीप्रमाणे होते. टॉरेंटवाल्याने शंभर कनेक्शन उघडली तरी त्याला एका माणसाचाच वाटा. हे पंगतीतल्या वाढप्यासारखं आहे. ताट एक तर पोळी एक. एचटीबी या टीसीच्या दुसऱ्या रांगेने वर्ग पाडून हेच करता येतं, पण लिहायला दहा ओळी आणि चुकायला वीस जागा.

बँडविड्थचा आकडा जाहिरातीतला घेऊ नका. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला मोजा. रात्रीचा धरा.

आणि डाउनलोड? ते तर वरून येतं.

वरचं गेट सेवा देणाऱ्याकडे आहे, खरंय. पण येणारा ट्रॅफिक आयएफबी नावाच्या खोट्या इंटरफेसवरून वळवून तिथे केक लावता येतं. पॅकेट आल्यावर आपण त्याला थोडं थांबवतो किंवा टाकतो, आणि टीसीपी पलीकडे आपसूक हळू होतं. इथे मात्र बांध जरा खाली घाला, ८५-९० टक्क्यांवर.

आमच्याकडे फायबर नाही, ४जी डोंगल आहे.

मग आकडा स्थिर नसतोच. सकाळी १५, संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की ३. संध्याकाळच्या आकड्यावर बांध घातला तर दिवसभर गती वाया जाते, सकाळच्या आकड्यावर घातला तर संध्याकाळी निरुपयोगी. पिंग वाढला की बांध आपोआप खाली घेणाऱ्या स्क्रिप्ट मिळतात, ओपनडब्ल्यूआरटी या राऊटरसाठीच्या लिनक्सवर त्या बऱ्या चालतात. मी खेड्यातल्या केंद्रांना मध्यम आकडा धरून देतो आणि संध्याकाळी सातनंतर मोठी अपलोडं करू नका म्हणतो.

प्रत्येक पॅकेटवर ‘महत्त्वाचं’ असा शिक्का मारता येतो म्हणे?

येतो. आयपी हेडरमध्ये डीएससीपीचे ६ बिट असतात, आवाजासाठी रूढ शिक्का ४६ म्हणजे ईएफ. पण तुमच्या हद्दीबाहेर तो कुणी मानेल याची खात्री नाही. आत उपयोग आहे: केकला ‘डिफसर्व्ह४’ सांगितलं की तो चार कप्पे करतो. त्यातला आवाजाचा कप्पा एकूण गतीच्या २५ टक्क्यांपर्यंतच पुढे राहतो. त्याहून जास्त भरला की त्याचं प्राधान्य घसरतं. म्हणून कुणी टॉरेंटवर आवाजाचा शिक्का मारला तरी त्याचं फावत नाही. जी.७११ या आवाजाच्या कोडेकचा एक कॉल आयपी हेडर धरून ८० केबीपीएस घेतो, त्यामुळे खऱ्या कॉलना हा कप्पा भरपूर होतो.

एका पतसंस्थेत चेअरमन, मॅनेजर, कॅशियर असं करत करत सगळ्याच पीसींना पहिला नंबर द्यायला लावला होता. मी दिला. काहीच बदललं नाही आणि सगळे खूश होते.

प्राधान्य लावल्यापासूनच टाइमआउट यायला लागले. आता बोला.

हा प्रश्न क्वचित येतो, पण मला सगळ्यात आवडतो, कारण दोन्ही दुखणी इथे एकत्र भेटतात.

प्राधान्य सॉफ्टवेअरमध्ये लावलं असेल (प्रायो, एचटीबी, केक) तर शेवटच्या वर्गाची उपासमार झाली तरी वॉचमन ओरडत नाही. ती पॅकेटं गेटच्या बाहेर, टीसीच्या रांगेत थांबलेली असतात. यार्डापर्यंत आलेलीच नसतात.

पण एमक्यूप्रायोसारखी प्राधान्याची वाटणी कार्डाच्या हार्डवेअर रांगांवर केली असेल आणि कार्ड कडक प्राधान्य पाळत असेल, तर गोष्ट वेगळी. वरची रांग सतत भरलेली, म्हणून कार्ड खालच्या रांगेकडे बघतच नाही. खालच्या रांगेचं यार्ड भरतं, गेट लागतं, पाच सेकंद पावती येत नाही. वॉचमन ओरडतो, ड्रायव्हर अख्खं कार्ड रिसेट करतो आणि ज्यांना पहिला नंबर दिला होता तेही पडतात. कार्ड चांगलं, ड्रायव्हर चांगला, नियम वाईट. ओळखायची खूण म्हणजे दर वेळी खालच्या प्राधान्याच्याच रांगेचा नंबर येतो, आणि तोही भर गर्दीत. डेटासेंटरच्या स्विचवर ठरावीक प्राधान्यालाच थांबवणारा पीएफसी चालू असेल तरी असंच दिसतं.

वरच्या वर्गाला कमाल मर्यादा घाला, किंवा कार्डाला कडक प्राधान्याऐवजी वजनाप्रमाणे वाटणी करायला सांगा. आपल्या वीस-चाळीस पीसींच्या कामाला हार्डवेअर प्राधान्य लागतच नाही, काढून टाका.

सरळ प्लॅनच मोठा घेतला तर?

पैसे असतील तर घ्या. लांबलेली रांग काही महिने आखूड दिसेल. अडलेली तशीच अडेल.

तुम्हाला फोन करायच्या आधी काय काय काढून ठेवू?

टाइमआउटच्या ओळीच्या आधीच्या आणि नंतरच्या शंभर ओळी. स्क्रीनचा तिरका फोटो नको, फाइल पाठवा. कर्नलची आवृत्ती, इथटूल लहान आय देऊन दिसणारं ड्रायव्हरचं आणि फर्मवेअरचं नाव. कॅपिटल एसचे आकडे दोनदा, मध्ये दहा मिनिटं सोडून. टीसीचे आकडे. किती वाजता झालं, तेव्हा लाईट होती का, आणि त्या आठवड्यात कुणी काय बदललं. शेवटच्या प्रश्नाला सगळे ‘काहीच नाही’ म्हणतात. तेव्हा स्विचच्या मागे जाऊन बघा, नवी वायर कुठली दिसते ते.